मुंबईच्या घरात कपडे धुताना होणाऱ्या चुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपडे धुवायला मी लालबागच्या चाळीत शिकले, मोरीतल्या दगडावर, सकाळचं पाणी जायच्या आत. आता बोरिवलीत मशीन आहे, गॅलरी आहे, तरी धुण्याचे प्रश्न काही संपलेले नाहीत. भाच्या, शेजारणी, नव्याने संसार मांडलेली मुलं मला सतत काही ना काही विचारतात. तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मुंबईच्या हवेला आणि मुंबईच्या पाण्याला धरून आहेत. पुण्याच्या कोरड्या उन्हात यातली निम्मी काळजी करावी लागत नाही.

पावडर किती घालायची? जास्त घातली तर कपडे जास्त स्वच्छ निघतात ना?

नाही, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त घरांत दिसते. डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला. तो मळाला कपड्यापासून सोडवतो आणि पाण्यात तरंगता ठेवतो. इथे त्याचं काम संपतं. मळ घराबाहेर जातो तो पाण्याबरोबर, विसळताना. पावडर जास्त झाली की ती विसळून पूर्ण निघत नाही, धाग्यात बसते. मग टॉवेल पाणी टिपेनासा होतो, काळ्या कुर्त्यावर पांढुरक्या रेषा उठतात, अंगाला खाज सुटते. उरलेला साबण नवा मळ धरून ठेवतो, म्हणून कपडा लवकर कळकट दिसायला लागतो. तो कळकट दिसला की आपण पुढच्या वेळी आणखी पावडर घालतो.

मुंबई महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा, मोडकसागर, विहार, तुळशी अशा तलावांतून येतं. ते पावसाचं साठलेलं पाणी, म्हणून मऊ. मऊ पाण्यात थोडक्या पावडरीत काम भागतं. पुड्यावर लिहिलेल्या मापाच्या निम्म्याने सुरुवात करा आणि कपडे बघून ठरवा. फेस किती आला यावर काहीच ठरत नाही. मशीनसाठीच्या पावडरीत फेस मुद्दाम कमी ठेवलेला असतो.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. धुऊन वाळलेला टॉवेल साबण न घालता स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवा आणि हाताने दाबा. पाणी दुधाळ झालं, फेस आला, तर तो सगळा आधीच्या धुण्यांचा साबण आहे. असे टॉवेल दोन वेळा नुसत्या कोमट पाण्यात काढा, परत मऊ होतात.

आमच्या बिल्डिंगला टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं. साबणाला फेसच येत नाही.

ते पाणी जड आहे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. कपड्याच्या साध्या साबणाची वडी त्या क्षारांशी मिळून एक चिकट, राखाडी साय तयार करते. ती बादलीच्या काठाला दिसते आणि कपड्यालाही बसते. अशा पाण्यात वडीपेक्षा डिटर्जंट बरं. सुती कपड्यांसाठी बादलीभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आधी विरघळवून घ्या, पाणी मऊ होतं. रेशीम आणि लोकरीला मात्र सोडा लावायचा नाही, आणि हातात मोजे घालायचे. इथे पावडर थोडी जास्त लागेल, ते चालतं. मशीनमध्ये क्षाराचा थर बसतो, त्यासाठी क्षार काढायची पावडर टाकून मशीन अधूनमधून रिकामं फिरवा.

पावसाळ्यात धुतलेल्या कपड्यांनाही कुबट वास का येतो?

जून ते सप्टेंबर मला हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं, आणि याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण बहुतेक जण उपाय चुकीच्या जागी शोधतात. सुगंधी सॉफ्टनर आणतात, अत्तर फवारतात, साबण बदलतात. वास येतो तो कपडा फार वेळ ओला राहिल्यामुळे. ओल्या कपड्यात जीवाणू वाढतात. त्यातला मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जीवाणू त्या ओळखीच्या वासाचं एक मुख्य कारण आहे. तो वाळलेल्या कपड्यातही तग धरून राहतो. म्हणूनच कपाटातून काढताना ठीक वाटणारा शर्ट लोकलच्या गर्दीत घाम आला की पुन्हा वास मारतो.

म्हणजे खरी लढाई वेळेशी आहे. मशीन थांबलं की कपडे तेव्हाच बाहेर काढा. रात्री लावून सकाळी काढायची सवय इथे पावसाळ्यात चालत नाही. तीच गोष्ट बादलीत रात्रभर भिजत घातलेल्या कपड्यांची. अर्धा तास, फार तर तास, पुरे.

दुसरं, रविवारी आठवड्याचा डोंगर धुऊ नका. घरात दोन दोऱ्या आणि धुणं चार दोऱ्यांचं, मग कपड्यावर कपडा चढतो आणि कुठलाच वाळत नाही. एक दिवसाआड थोडं थोडं धुवा. दोन कपड्यांत चार बोटं तरी अंतर ठेवा. जाड कपडे कडेला, पातळ मधे. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून लटकवा, कारण ओल खिशात आणि कमरपट्टीत दडून बसते. दोरीवर घालण्याआधी प्रत्येक कपडा जोरात झटका. चाळीतल्या बायका हे का करायच्या ते मला फार उशिरा कळलं. झटकल्याने पाणी तर उडतंच, पण चिकटलेले धागे सुटे होतात आणि कपड्यातून हवा खेळते.

तिसरं, हवा हलती ठेवा. जुलैत बाहेरची हवाच इतकी दमट असते की नुसती खिडकी उघडून उपयोग नाही, पंखा हवाच. पंखा थेट कपड्यांवर येईल असा लावा. मशीनचं स्पिन एकदा जास्त फिरवा, त्याला फार वीज लागत नाही आणि वाळायचे कित्येक तास वाचतात. घरात एसी असेल तर रात्री त्या खोलीत कपड्यांचा स्टँड ठेवा. एसी हवेतली ओल खेचून बाहेर टाकतो.

इस्त्री हा शेवटचा उपाय आहे, पण चांगला आहे. जवळजवळ वाळलेल्या सुती कपड्यावर गरम इस्त्री फिरवली की उरलेली ओल आणि बरेचसे जीवाणू जातात. मात्र इस्त्री झाल्या झाल्या घडी घालून कपाटात ठेवू नका. तासभर हँगरला राहू द्या.

वास आधीच बसला असेल तर नुसतं पुन्हा धुऊन जात नाही. टॉवेल, चादरी, बनियन असे सुती कपडे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. मशीनला हीटर नसेल तर गीझरच्या कडक पाण्यात अर्धा तास भिजवून मग धुवा. रंगीत नाजूक कपड्यांना हे करू नका.

साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलो. ते कपडे इतर कपड्यांबरोबर धुतले तर चालतील?

नको. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोच्या साथीने किती घरं हादरली ते ज्यांनी पाहिलं, त्यांना हे सांगावं लागत नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या आणि इतर जनावरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतात आणि जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंडातून शरीरात शिरतात. दारातच कपडे उतरवा, वेगळ्या बादलीत ठेवा. हाताला चीर असेल तर मोजे घालूनच हात लावा. आधी नुसत्या पाण्याने चिखल जाऊ द्या, मग डिटर्जंटच्या गरम पाण्यात धुवा आणि पूर्ण कडक वाळू द्या. हे जंतू साबण आणि कोरडेपणा सोसत नाहीत. बादलीही धुवा. पायाला जखम असताना त्या पाण्यातून चालला असाल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कपडे नंतर बघता येतील.

हळदीच्या डागाला साबण लावला तर डाग लालभडक झाला! कपडा वाया गेला का?

अजिबात नाही. हळदीतलं करक्युमिन अल्कलीत लाल होतं आणि आंबटात परत पिवळं. साबण अल्कली, म्हणून रंग बदलला. विसळलं की लाली उतरेल. घाबरून ब्लीच ओतू नका, विशेषतः रंगीत कपड्यावर.

हळदीवर खरा इलाज ऊन. करक्युमिन उजेडात टिकत नाही. डिटर्जंटने धुवा आणि ओला असतानाच डागाची बाजू वर करून उन्हात घाला. दोन-तीन दिवस असं केलं की पांढऱ्या सुती कपड्यावरची हळदही जाते. लग्नाच्या हळदीत पिवळी झालेली माझ्या दिराची झब्बा-विजार मी अशीच चार उन्हं देऊन पांढरी केली आहे. पावसाळ्यात लागलेला डाग महिनाभर तसाच राहिला तरी हरकत नाही. फक्त त्यावर तूप-तेलाचा अंश राहू देऊ नका आणि इस्त्री करू नका.

चहा, रक्त, तूप, पेन या डागांचं काय?

सगळ्यांना एकच नियम लागू आहे: डाग ओला असतानाच हात घाला, चोळू नका, टिपा. चोळल्याने डाग पसरतो आणि धागा विस्कटतो. पाणी सोडायचं ते कपड्याच्या उलट्या बाजूने, म्हणजे डाग आला त्याच वाटेने बाहेर जातो.

रक्ताला थंड पाणीच. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं शिजतात आणि डाग कायमचा बसतो. दूध आणि अंड्याचंही तसंच. तुपातेलावर आधी बेसन किंवा टाल्कम पावडर पसरून तेल शोषू द्या, मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब आणि कोमट पाणी. बॉलपेनच्या शाईला सॅनिटायझर, खाली टिश्यू ठेवून. चहाचा डाग ताजा असेल तर साध्या पाण्यानेच निम्मा जातो. जुना असेल तर ऑक्सिजन ब्लीचमध्ये, म्हणजे क्लोरीन नसलेल्या ब्लीचमध्ये, भिजवावा लागतो. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री आणि ड्रायर दोन्ही लांब ठेवा.

पांढऱ्या शर्टावर धुतल्यानंतर तपकिरी ठिपके उमटतात. मशीन खराब झालंय का?

बहुतेक वेळा मशीन निर्दोष असतं, दोष दोरीचा असतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत खिडकीच्या ग्रिलला, लोखंडी तारेला, चिमट्यांच्या स्प्रिंगला गंज चढतो आणि ओला कपडा तो उचलतो. एका चौदा ऑगस्टच्या रात्री मी मुलाचा गणवेश घाईत ग्रिलवर टाकला. सकाळी झेंडावंदनाला निघायच्या वेळी पाठीवर गंजाची रेघ. तो मुकाट्याने मागच्या रांगेत उभा राहिला, आणि ते मला आजही लागतं.

गंजाला साबण चालत नाही आणि क्लोरीनचं ब्लीच तर तो पक्का करतं. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, किंवा सायट्रिक ॲसिड पाण्यात कालवून लावा. नंतर भरपूर विसळा. आणि तार काढून नायलॉनची दोरी बांधा, चिमटे प्लॅस्टिकचे किंवा स्टीलच्या स्प्रिंगचे घ्या.

पाणीकपातीनंतर नळाला येणारं पहिलं पाणीही कधी गढूळ, कधी तांबूस असतं. ते पाच मिनिटं जाऊ द्या, बादलीत भरून फरशीला वापरा. पांढऱ्यांना नको.

पांढरे कपडे पिवळट पडतात, काखेत तर जास्तच. नीळ घालू की ब्लीच?

काखेतला पिवळा डाग हा घाम आणि घाम रोखणाऱ्या डिओतले ॲल्युमिनियमचे क्षार यांच्या मेळाने बसतो. क्लोरीन ब्लीचने तो जास्त पिवळा होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. ऑक्सिजन ब्लीचची पावडर कोमट पाण्यात विरघळवून तासभर भिजवा, मग धुवा. आणि घामाचा शर्ट आठवडाभर टोपलीत पडू देऊ नका. नुसता पाण्यातून काढून वाळत घातला तरी फरक पडतो.

नीळ डाग काढत नाही. निळ्या छटेने पिवळेपणा डोळ्यांना दिसेनासा होतो, एवढंच. पांढरे कपडे उजळ दिसावेत म्हणून घालतात ते टिनोपॉल अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतं. दोन्ही चांगली आहेत, पण स्वच्छ धुतलेल्या, नीट विसळलेल्या कपड्यावर. नीळ आधी वाटीत, मग बादलीभर पाण्यात ढवळा आणि त्यानंतरच कपडा बुडवा. कपड्यावर थेट ओतलेली नीळ ठिपके पाडते. पडलेच तर साध्या पाण्यात भिजवत राहा, घासू नका.

ब्लीच वापरताना काय सांभाळायचं?

आपल्याकडे ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एकाच बाथरूममध्ये, एकाच फळीवर असतं. ही दोन कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि लहान बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. व्हिनेगर आणि अमोनिया असलेली क्लीनरसुद्धा ब्लीचबरोबर नकोत. घरी कामाला येणाऱ्या मावशींना हे नीट समजावून सांगा. त्यांच्या फुफ्फुसांचा प्रश्न आहे. बाटल्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

रेशीम, लोकर आणि ताणणाऱ्या कपड्यांना क्लोरीन ब्लीच चालत नाही.

नवीन कपड्याचा रंग जाऊ नये म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवायचा का?

आमच्या घरीही हेच करायचे. कारखान्यात सुती कापड रंगवताना मीठ वापरतात, त्यामुळे रंग धाग्याकडे ओढला जातो. पण एकदा रंगलेल्या कपड्याचा कच्चा रंग घरच्या मिठाने पक्का होत नाही. व्हिनेगरनेही नाही. कच्चा रंग निघूनच जायला हवा. पहिल्या तीन-चार वेळा थंड पाण्यात, वेगळा, उलटा करून धुवा. पांढरा ओला रुमाल शिवणीवर दाबून बघा. रंग आला तर अजून वेगळाच.

दुसऱ्या कपड्याला रंग लागला तर तो वाळू देऊ नका. ओला असतानाच पुन्हा धुवा.

मशीन किती भरायचं? आणि मशीनलाच वास येतो, त्याचं काय?

फ्रंट लोडमध्ये कपडे टाकल्यावर वर हात आडवा सहज जायला हवा. ठासून भरलं की कपडे उलटेपालटे होत नाहीत, नुसते गोळा होऊन फिरतात. नायलॉन-पॉलिएस्टरचे कपडे असतील तर अर्धाच ड्रम. फ्रंट लोडमध्ये हाताने धुवायची पावडर घालू नका, फेस मावत नाही. खिसे तपासा. लोकलचा पास, नाणी आणि टिश्यू यांनी मी फिल्टर तुंबलेला पाहिला आहे.

मशीनच्या वासाचं मूळ दाराभोवतीच्या रबराच्या घडीत असतं. तिथे पाणी, केस आणि साबण साचून काळी बुरशी धरते. धुणं झालं की रबर पुसा, दार आणि पावडरीचा कप्पा उघडा ठेवा. घरात लहान मूल असेल तर दार उघडं राहताना लक्ष ठेवा. खालचा फिल्टर महिन्यातून एकदा काढून धुवा आणि मशीन गरम पाण्यावर रिकामं फिरवा.

सॉफ्टनर घालावा का?

टॉवेलना नको, त्यांचं पाणी टिपणं कमी होतं. व्यायामाच्या कपड्यांना नको, घाम शोषणं कमी होतं. तान्ह्या बाळाच्या कपड्यांनाही मी घालत नाही. बाकी हौस.

पैठणी घरी धुतली तर?

नको, कळकळीने सांगते. रेशीम हे प्रथिन आहे आणि रोजच्या डिटर्जंटमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. शिवाय पदराचा आणि काठाचा रंग एकमेकांत उतरला तर परत येत नाही. पैठणी भरवशाच्या ड्रायक्लीनरकडे द्या, तीही दर वेळी नको. नेसून झाल्यावर पंख्याखाली घाम वाळू द्या, मग सुती मलमलीत गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुंबईची ओल अडकते आणि जरीचे धागे काळवंडतात. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, अत्तर साडीवर मारू नका. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवर रेशीम चिरतं.

साध्या रेशमी ब्लाउजला किंवा लोकरीच्या शालीला रिठ्याचं पाणी उत्तम. शाल पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि आडवी वाळवायची. गरम पाणी आणि घासणं, दोन्हींनी लोकर आटते.

खळ घातलेल्या सुती साड्या वर्षभरासाठी ठेवून द्यायच्या असतील तर आधी खळ धुऊन काढा. खळीला कसर लागते.

वाळत घातलेल्या कपड्यावर कबुतराने घाण केली.

सुकलेली घाण झटकू नका. ती धूळ छातीत जाणं वाईट. आधी ओली करा, कागदाने उचला, मग एन्झाइम असलेल्या डिटर्जंटच्या कोमट पाण्यात भिजवा.

वरच्या मजल्यावरचं धुणं आमच्या वाळलेल्या कपड्यांवर टपकतं. कसं सांगू?

सोसायटीत तक्रार लिहिण्याआधी वर जाऊन बेल वाजवा. "वहिनी, तुम्ही साधारण किती वाजता वाळत घालता? मी त्यानंतर घालत जाईन," एवढं म्हणा. आमच्याकडे वेळा ठरल्या आणि भांडण मिटलं. आणि आपल्याही खाली कुणी राहतं. नीट पिळा, किंवा स्पिन करूनच गॅलरीत घाला.

आमच्याकडे पाणी तासभरच येतं. इतकं विसळायचं कुठून?

मग पावडर आणखी कमी करा, तीच पाण्याची सगळ्यात मोठी बचत. कपडे कमी मळलेल्यांपासून जास्त मळलेल्यांपर्यंत क्रमाने घ्या. विसळायला दोन बादल्या ठेवा. एका बादलीत तीनदा खळबळण्यापेक्षा प्रत्येक वेळी आधी पिळून मग दुसऱ्या बादलीत टाकलं की साबण लवकर निघतो, कारण पिळताना साबणाचंच पाणी बाहेर जातं. शेवटच्या बादलीचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. त्यात पुढचे पायपुसणे आणि फडकी भिजवा, आणि त्यानंतरच्या पाण्याने मोरी धुवा.